जुने यंत्र आणि नवी कार्यप्रणाली: एम्युलेशनचे स्वरूप, मूल्य व मर्यादा

१

अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूर ह्या स्थानकावर दोन भिन्न मापांचे लोहमार्ग एकत्र आलेले आहेत. मुंबई-नागपूर हा मुख्य मार्ग रुंदमापी. त्याच्या दोन रुळांतील अंतर १,६७६ मिलिमीटर. येथूनच एक शाखा अमरावती जिल्ह्यातील अचलपुरास व दुसरी यवतमाळास जाते. ह्या दोन्ही शाखा अरुंदमापी असून त्यांच्या रुळांतील अंतर अवघे ७६२ मिलिमीटर आहे. ‘शकुंतला’ ह्या नावाने वऱ्हाडात सर्वांना परिचित असलेली गाडी ह्याच मार्गावर धावत असे. १९२१ साली मँचेस्टर येथे घडविलेल्या वाफेच्या इंजिनाने ती १९२३ पासून १९९४ पर्यंत ओढली. त्यानंतर रूळ तेच ठेवून डिझेलचे इंजिन आले. आता ती गाडीही बंद आहे. ह्या शाखांनी येणारा कापूस मुंबईस जावयाचा असेल, तर मूर्तिजापुरास गाठी उतरवून त्या रुंद मार्गाच्या डब्यांत पुन्हा चढवाव्या लागत.

माप न जुळणाऱ्या दोन मार्गांवरून वाहतूक चालू ठेवण्याचे एकंदर तीन उपाय संभवतात. पहिला उपाय मूर्तिजापुरास होता तोच, म्हणजे एका डब्यातील माल काढून दुसऱ्या डब्यात भरणे. दुसरा उपाय असा की, डब्याची चाके व आस बदलून तो नव्या मापास योग्य करणे. तिसरा उपाय युरोपातील काही देशांत प्रचारात होता. तेथे अरुंद रुळांवर चालणाऱ्या खास ठेंगण्या गाड्यांवर रुंद मार्गाचा डबा त्याच्या चाकांसकट चढवीत आणि तसाच पुढे नेत. डब्यात काहीही बदल होत नसे. मात्र गाडीचा वेग मंदावे आणि वाहिलेल्या ओझ्यात निरुपयोगी चाकांचेही ओझे असे.

संगणकाच्या क्षेत्रात ह्या तिन्ही उपायांना समांतर असे उपाय आहेत. एका यंत्रावरील मजकूर दुसऱ्या यंत्रावर उतरवून घेणे हा पहिला. आज्ञावलीच नव्या यंत्रास जुळेल अशी बदलून घेणे हा दुसरा. त्यास ‘पोर्टिंग’ म्हणतात. यंत्राच्या अंगी एका परकीय यंत्राची भूमिका आणून त्या परकीय यंत्रासाठी लिहिलेली आज्ञावली जशीच्या तशी चालविणे हा तिसरा. त्याचे नाव ‘एम्युलेशन’. जुन्या संगणकावर त्याच्या काळानंतर निर्माण झालेली कार्यप्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम, ह्या तिसऱ्या उपायाने चालविता येते काय, येत असल्यास कोणत्या किमतीस, आणि अमरावती-अकोल्याच्या महाविद्यालयांतील जुन्या संगणकांस व त्यांवर लिहिल्या गेलेल्या मराठी मजकुरास त्याचा उपयोग काय, ह्या प्रश्नांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

२

प्रत्येक प्रोसेसरला ठरावीक आज्ञाच कळतात. ह्या आज्ञांच्या समुच्चयास आज्ञासंच म्हणतात. भाषेच्या परिभाषेत बोलावयाचे तर आज्ञासंच ही त्या प्रोसेसरची एकमेव भाषा होय. ‘ह्या कप्प्यातील संख्या त्या कप्प्यातील संख्येत मिळव’, ‘मेमरीतील अमुक ठिकाणची संख्या आण’, ‘बेरीज शून्य आली असेल तर अमुक आज्ञेकडे उडी घे’, अशा स्वरूपाची अगदी लहान लहान वाक्ये तीत असतात. दोन भिन्न घराण्यांतील प्रोसेसरांच्या आज्ञासंचांत अर्थाचे साम्य पुष्कळ असते. तथापि एकाच आकड्याचा अर्थ एका यंत्रात ‘मिळव’ असा, तर दुसऱ्यात ‘उडी घे’ असा असू शकतो. म्हणून एकासाठी तयार केलेली आज्ञावली दुसऱ्यास दिली, तर ते यंत्र थांबते किंवा भलतेच काही करू लागते.

कार्यप्रणाली ही इतर सर्व आज्ञावलींच्या खाली पायासारखी असणारी आज्ञावली होय. मेमरीची वाटणी, तबकडीवरील धारिकांची व्यवस्था, कळफलक व पडदा ह्यांच्याशी व्यवहार ही तिची कामे. ती यंत्राच्या अत्यंत निकट असल्यामुळे तिचे पोर्टिंग इतर आज्ञावलींपेक्षा अवघड असते. लिनक्सचे उदाहरण घेता येईल. लिनस टॉरवाल्ड्‌स ह्यांनी १९९१ मध्ये इंटेलच्या ३८६ ह्या ३२-बिट प्रोसेसरवर तिचा आरंभ केला. पुढे ती असंख्य यंत्रांवर नेण्यात आली आणि आज तिच्या मूळ संहितेत दोन कोटींहून अधिक ओळी आहेत. इतक्या मोठ्या संहितेत काही गृहीतके खोलवर रुजलेली असतात. प्रोसेसर निदान ३२-बिट असावा आणि मेमरीतील पत्त्यांचे रूपांतर करणारी खास यंत्रणा त्यास असावी, ही त्यांपैकी दोन होत. दुसऱ्या गृहीतकास सोडून केलेली रूपे आहेत, पण ती अपवादात्मक. नवी प्रणाली जुन्या यंत्रास सोडून पुढे जाते हेही येथे ध्यानात घ्यावे लागते. ज्या ३८६ प्रोसेसरवर लिनक्सचा जन्म झाला, त्याचा आधार काढून घेण्याचा निर्णय २०१२ च्या अखेरीस झाला.

मग ८-बिट किंवा ४-बिट प्रोसेसरवर अशी प्रणाली आणण्यासाठी दोन कोटी ओळींतील गृहीतके बदलीत बसावे काय? ते व्यवहारतः अशक्य आहे. त्याऐवजी त्या लहान प्रोसेसरवर काही हजार ओळींची एकच आज्ञावली लिहावी, आणि तिने ३२-बिट प्रोसेसरची भूमिका वठवावी, हा मार्ग सुकर ठरतो. प्रणाली तशीच राहते. तिला हवे असलेले यंत्र मात्र तिच्यासमोर उभे केले जाते. प्रत्यक्ष यंत्रास ‘यजमान’ आणि त्यावर चालणाऱ्या परक्या प्रणालीस ‘अतिथी’ म्हणण्याची पद्धत आहे, ती येथेही स्वीकारली आहे.

पाठसंपादनाशी परिचय असलेल्या वाचकांस हा भेद लवकर उमगेल. जुन्या पोथीची आवृत्ती काढताना एक संपादक लेखन आजच्या नियमांनुसार सुधारून घेतो. दुसरा संपादक लेखनिकाच्या चुकांसकट मूळ पाठ अक्षरशः उतरवितो. पोर्टिंग पहिल्याच्या जातीचे आहे, एम्युलेशन दुसऱ्याच्या. भूमिका वठविणाऱ्या आज्ञावलीने मूळ यंत्राचे दोषही राखले पाहिजेत, कारण त्या यंत्रासाठी लिहिणाऱ्या कोणी तरी त्या दोषावरच विसंबून काही लिहिलेले असू शकते.

३

भूमिका वठविण्याची ही क्रिया प्रत्यक्षात कशी होते? एम्युलेटर ही एक न थांबणारी फेरी असते. अतिथी प्रणालीची पुढची आज्ञा तो मेमरीतून उचलतो. तिचा अर्थ लावतो. त्या अर्थाप्रमाणे जे घडावयास हवे ते यजमानाच्या आज्ञांनी घडवून आणतो. परिणाम योग्य जागी नोंदवितो. आणि पुढच्या आज्ञेकडे वळतो. परकीय प्रोसेसरचे अंतर्गत कप्पे येथे प्रत्यक्षात नसतात. यजमानाच्या मेमरीतील काही जागा त्या कप्प्यांच्या नावाने राखून ठेवलेल्या असतात, इतकेच.

बेरजेचे एक उदाहरण घेऊ. ८-बिट प्रोसेसरच्या एका कप्प्यात ० ते २५५ एवढ्याच संख्या मावतात. अतिथी प्रणालीने ३०० आणि ५०० ह्यांची बेरीज मागितली असे समजावे. ३०० म्हणजे एक वेळा २५६ अधिक ४४. ५०० म्हणजे एक वेळा २५६ अधिक २४४. यजमान प्रथम ४४ व २४४ मिळवितो. उत्तर २८८ येते. ते कप्प्यात मावत नाही म्हणून ३२ राहतात व हातचा एक जातो. मग एक, एक व हातचा एक मिळून तीन होतात. तीन वेळा २५६ अधिक ३२, म्हणजे ८००. शाळेतील मूल दशक-एककांची बेरीज ज्या रीतीने करते, तीच ही रीत. केवळ दहाच्या जागी २५६ आले. पूर्ण ३२-बिट बेरजेस ८-बिट प्रोसेसरला अशा चार पायऱ्या लागतात, ४-बिट प्रोसेसरला आठ. अतिथीच्या दृष्टीने मात्र ती एकच आज्ञा असते, आणि तिचे उत्तर अचूक येते.

म्हणून एम्युलेटर हा दुभाष्या होय, भाषांतरकार नव्हे. दुभाष्या प्रत्येक वाक्य ऐकून त्याच क्षणी दुसऱ्या भाषेत सांगतो. तेच वाक्य शंभरदा आले तर शंभरदा तेच श्रम करतो. भाषांतरकार एकदाच श्रम करतो व लिहून ठेवतो. संगणकात हाही मार्ग उपलब्ध आहे. फाब्रिस बेलार ह्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेला ‘क्यूएमयू’ हा एम्युलेटर अतिथीच्या आज्ञांचे लहान लहान गट यजमानाच्या भाषेत उतरवितो आणि पुन्हा उपयोगी पडावेत म्हणून जपून ठेवतो. वेग त्यामुळे पुष्कळ वाढतो. परंतु भाषांतराची वही ठेवावयास जागा लागते, आणि जुन्या लहान यंत्रांत नेमकी तीच नसते. त्यामुळे तेथे बहुधा दुभाष्यावरच भागवावे लागते.

४

एक यंत्र दुसऱ्या यंत्राचे काम हुबेहूब करू शकते, ही कल्पना संगणकापेक्षाही जुनी आहे. ॲलन ट्युरिंग ह्यांनी १९३६ च्या आपल्या निबंधात अशा एका कल्पित यंत्राचे वर्णन केले की, ज्यास दुसऱ्या कोणत्याही यंत्राचे वर्णन पुरविले असता ते त्या यंत्राप्रमाणे वागेल. एम्युलेशनचा तात्त्विक पाया तो हाच. व्यवहारात हे तत्त्व प्रथम मोठ्या प्रमाणावर आले ते १९६४ मध्ये. आयबीएम कंपनीने त्या वर्षी ‘सिस्टीम ३६०’ ही यंत्रमालिका जाहीर केली. तिचा आज्ञासंच पूर्वीच्या १४०१ ह्या लोकप्रिय यंत्राहून अगदी निराळा होता. ग्राहकांनी १४०१ साठी लिहून घेतलेल्या आज्ञावली वाया जाऊ नयेत म्हणून नव्या मालिकेतील काही यंत्रांत जुन्या यंत्राची भूमिका घेण्याची सोय ठेवण्यात आली. येथे दिशा नव्याकडून जुन्याकडे होती, म्हणजे नवे वेगवान यंत्र जुन्या मंद यंत्राचे सोंग घेत होते. ह्या दिशेने वेगाची हानी सहसा जाणवत नाही.

प्रस्तुत विषय उलट दिशेचा आहे. जुन्या किंवा लहान यंत्राने नव्या मोठ्या यंत्राचे सोंग घ्यावयाचे. ट्युरिंग ह्यांच्या सिद्धांतास ही दिशाही तितकीच मान्य आहे, पण प्रत्यक्षात काय होते हे पाहण्यासाठी दोन प्रयोगांकडे वळावे लागेल. दोन्ही दिमित्री ग्रिनबर्ग ह्या अभियंत्याचे आहेत.

पहिला प्रयोग २०१२ मधील. त्यात एटीमेगा-१२८४पी हा ८-बिट प्रोसेसर वापरला होता. हा प्रोसेसर यंत्रोपकरणांच्या नियंत्रणासाठी बनविलेला. त्याची स्वतःची मेमरी केवळ १६ किलोबाइट. तो सेकंदास २ कोटी ४० लक्ष ठोक्यांच्या वेगाने चालविण्यात आला. जुन्या संगणकातील १६ मेगाबाइटची मेमरीची पट्टी त्यास जोडली होती, आणि तबकडीच्या जागी एक मेमरी कार्ड होते. ह्या प्रोसेसरवर ग्रिनबर्ग ह्यांनी ३२-बिट ‘आर्म’ प्रोसेसरचा एम्युलेटर लिहिला व त्यावर लिनक्स चालविली. आज्ञा देण्याच्या चिन्हापर्यंत पोहोचण्यास सुमारे दोन तास लागले. उबुंटूची संपूर्ण प्रणाली उभी होऊन प्रवेशाची विचारणा येण्यास आणखी सुमारे चार तास. सोंग घेतलेल्या प्रोसेसरचा परिणामी वेग सेकंदास सुमारे ६,५०० ठोके एवढाच भरला. म्हणजे यजमानाचे जवळजवळ ३,७०० ठोके खर्ची पडत, तेव्हा अतिथीचा एक ठोका पदरात पडे.

दुसरा प्रयोग २०२४ मधील, आणि त्याहूनही टोकाचा. इंटेलचा ४००४ हा प्रोसेसर १९७१ साली बाजारात आला. तो ४-बिट होता. त्यात सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर होते. आकडेमोडीच्या यंत्रासाठी तो बनविलेला असल्यामुळे ‘आणि’, ‘किंवा’ ह्या तार्किक क्रियांच्या आज्ञाही त्याच्या आज्ञासंचात नाहीत. त्या इतर आज्ञांतून जुळवाव्या लागतात. ह्या प्रोसेसरवर ‘मिप्स आर-३०००’ ह्या ३२-बिट प्रोसेसरची भूमिका वठवून डेबियन लिनक्स चालविण्यात आली. प्रणाली उभी होण्यास ४.७६ दिवस, म्हणजे चार दिवस व सुमारे अठरा तास लागले.

५

ह्या आकड्यांवरून काही निष्कर्ष निघतात. पहिला असा की, एखादे काम यंत्रास ‘करता येणे’ आणि ते ‘उपयोगी पडेल इतक्या वेळात करता येणे’ ह्या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. भाषाविज्ञानाच्या अभ्यासकांस चॉम्स्की ह्यांनी १९६५ मध्ये मांडलेला भाषिक सामर्थ्य व भाषिक प्रयोग ह्यांतील भेद येथे आठवेल. साम्य पूर्ण नाही, पण दिशा दाखविण्यापुरते पुरेसे आहे. ४००४ च्या ठायी लिनक्स चालविण्याचे सामर्थ्य १९७१ पासूनच होते. प्रयोगात ते प्रकट होण्यास पाच दिवसांचा धीर हवा.

दुसरा निष्कर्ष मेमरीसंबंधी. ट्युरिंग ह्यांच्या कल्पित यंत्राची फीत हवी तेवढी लांब असते. खऱ्या यंत्राची नसते. म्हणून वरील दोन्ही प्रयोगांत मेमरी बाहेरून आणून जोडावी लागली. अतिथीस हवी असलेली जागा यजमानापाशी नसेल, तर ती कोठून तरी प्रत्यक्ष आणावीच लागते. वेळेची उधारी चालते, जागेची चालत नाही.

तिसरा निष्कर्ष खर्चाच्या कारणाविषयी. एका ठोक्यास ३,७०० ठोके हे प्रमाण केवळ बेरजेच्या चार पायऱ्यांनी येत नाही. प्रत्येक आज्ञेचा अर्थ लावणे हा एक खर्च. प्रत्येक पत्त्याचे रूपांतर हा दुसरा. जे काम खऱ्या आर्म प्रोसेसरमध्ये खास यंत्रणा एका क्षणात करते, ते येथे मेमरीतील तक्ते चाळून करावे लागते. मेमरीशी होणारा व्यवहार हा तिसरा. एटीमेगा प्रोसेसरला ती पट्टी वापरण्याची अंगभूत सोय नसल्यामुळे तिचा प्रत्येक संकेत आज्ञावलीतूनच द्यावा लागला आणि तिच्यातील मजकूर पुसला जाऊ नये म्हणून तिला वारंवार उजाळाही द्यावा लागला. यंत्राच्या ज्या ज्या अवयवाची उणीव असते, त्या त्या अवयवाचे काम आज्ञावलीच्या माथी येते आणि त्याची किंमत वेळात मोजावी लागते.

६

आता वऱ्हाडातील व्यवहाराकडे वळावे. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ह्या प्रणालीचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षायंत्रणा व ठरावीक पिढीनंतरचे प्रोसेसर लागतात. परिणामतः जे संगणक आजवर निर्वेध चालत होते, ते कोणताही भाग न बिघडता ‘जुने’ ठरले. दुसऱ्या बाजूस, ऑगस्ट २०२५ मध्ये निघालेल्या डेबियनच्या १३ व्या आवृत्तीने ३२-बिट इंटेल जातीच्या संगणकांसाठी स्वतंत्र संस्थापनाची सोय बंद केली. अमरावती किंवा अकोला येथील एखाद्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत अशी यंत्रे असतील, तर ती मोडीत काढावीत, की एम्युलेशनच्या आधाराने त्यांवर नवी प्रणाली आणावी, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो.

ह्या प्रश्नाचे उत्तर एम्युलेशनच्या बाजूचे नाही, आणि त्याचे कारण केवळ मंदगती हे नव्हे. अतिथी प्रणाली चालविण्यासाठी यजमानावर एखादी प्रणाली आधी असावीच लागते. ती असुरक्षित असेल, तर तिच्यावर उभा असलेला अतिथीही असुरक्षित राहतो. ती सुरक्षित व अद्ययावत असेल, तर मग तीच थेट का वापरू नये? ६४-बिट प्रोसेसर असलेल्या दहा-बारा वर्षांच्या संगणकावर हलक्या स्वरूपाची लिनक्स प्रणाली कोणत्याही सोंगावाचून चालते. सी-डॅकने २००७ पासून उपलब्ध करून दिलेली, डेबियनवर आधारलेली व भारतीय भाषांचा विचार केलेली ‘बॉस’ ही प्रणाली ह्याच वर्गातील. शकुंतलेच्या रुळांवरून वाहतूक हवी असेल, तर त्या मापाचा डबाच तेथे सोयीचा असतो.

तथापि ह्याच कामात एम्युलेशनला एक निराळे व महत्त्वाचे स्थान आहे. प्रयोगशाळेतील सर्व संगणकांवर नवी प्रणाली बसविण्यापूर्वी एखाद्या नव्या वेगवान संगणकावर क्यूएमयूच्या साह्याने त्या जुन्या यंत्राचे प्रतिरूप उभे करता येते. त्यास मेमरी मुद्दाम एक गिगाबाइट एवढीच द्यावी, आणि पाहावे की प्रणाली उभी होते काय, देवनागरी जोडाक्षरे नीट उमटतात काय, मराठी कळफलक चालतो काय. चूक झाली तर प्रतिरूप टाकून पुन्हा आरंभ करता येतो. खरे यंत्र अबाधित राहते. येथे दिशा पुन्हा नव्याकडून जुन्याकडे असल्यामुळे वेगाची अडचण नाही. अशा रीतीने एम्युलेशन हे पोर्टिंगचे साधन होते. एक सावधगिरी मात्र अवश्य बाळगावी. प्रतिरूपातील पडद्याचे व जाळ्याचे कार्ड खऱ्या यंत्रातील कार्डाहून भिन्न असते. म्हणून अखेरची परीक्षा एका खऱ्या यंत्रावरच व्हावयास हवी.

७

येथवर यंत्राचा विचार झाला. मराठीच्या अभ्यासकांपुढील खरा प्रश्न मजकुराचा आहे. १९८० व १९९० च्या दशकांत संगणकावर लिहिला गेलेला मराठी मजकूर आज कितपत वाचता येतो?

त्या काळात आयबीएम जातीच्या संगणकांवर डॉस ही प्रणाली होती व तिला देवनागरी ठाऊक नव्हती. कानपूरच्या आयआयटीत आरंभ झालेले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये विकसित झालेले ‘जिस्ट’ कार्ड ह्या अडचणीवरील तोडगा होते. ते संगणकात बसविले की, इंग्रजीसाठी लिहिलेल्या डॉसच्या आज्ञावलीही कोणताही बदल न करता भारतीय लिपी दाखवीत. मजकूर ‘इस्की’ ह्या संकेतात साठविला जाई; १९९१ मध्ये ते भारतीय मानक झाले. त्यात ‘क’ ह्या अक्षराचा क्रमांक १७९ आहे.

आता असा मजकूर व ती आज्ञावली आजच्या संगणकावर डॉसच्या एम्युलेटरमध्ये चालविली, तर काय दिसेल? आज्ञावली चालेल, पण ‘क’च्या जागी एक उभी रेघ दिसेल. कारण आयबीएमच्या मूळ अक्षरतक्त्यात १७९ ह्या क्रमांकावर चौकटी काढण्याची उभी रेघ आहे. एम्युलेटरने प्रोसेसरची भूमिका बिनचूक वठविली, प्रणालीचीही सोय केली, परंतु कार्डाची भूमिका कोणीच घेतली नाही. भूमिका कोणकोणत्या घटकांची घ्यावयाची हे ठरविण्यात चूक झाली, तर एम्युलेशन निर्दोष असूनही निष्फळ ठरते.

तरीही इस्कीमधील मजकुरास भवितव्य आहे. तो संकेत प्रसिद्ध व प्रमाणित असल्यामुळे कार्ड नसतानाही तक्ता पाहून १७९ च्या जागी युनिकोडमधील २,३२५ हा ‘क’चा क्रमांक घालता येतो. युनिकोडमधील देवनागरीची मांडणीच इस्कीच्या पूर्वीच्या रूपावर आधारलेली आहे. मूर्तिजापूरची रीत येथे पुरते. माल एका डब्यातून दुसऱ्यात भरावयाचा एवढेच.

बिकट स्थिती आहे ती विंडोजच्या काळात निरनिराळ्या फाँटांत टंकलेल्या मजकुराची. त्यांपैकी पुष्कळ फाँटांत क्रमांक अक्षरास दिलेला नसून अक्षराच्या दृश्य तुकड्यास दिलेला असे, आणि प्रत्येक निर्मात्याचा तक्ता वेगळा. इस्कीत ‘कि’ हे उच्चाराच्या क्रमाने, म्हणजे आधी ‘क’ व मग ऱ्हस्व वेलांटी, असे साठविले जाते. दृश्य तुकड्यांच्या फाँटांत वेलांटी दिसते डावीकडे म्हणून साठविलीही जाते आधी. अशा मजकुराचे रूपांतर करताना प्रत्येक चिन्ह शेजाऱ्यांच्या संदर्भात वाचावे लागते. वऱ्हाडीत ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो हे सर्वविदित आहे. ‘डोळा’चा ‘डोया’ होतो. प्रमाण मराठीतून वऱ्हाडीकडे जाताना हा नियम सरळ लागू पडतो. उलट दिशेने मात्र ‘माया’ हा शब्द ऐकून तो ममतेचा वाचक आहे की ‘माळा’चे रूप आहे, हे संदर्भावाचून सांगता येत नाही. फाँटांच्या तक्त्यांतही अशीच संदिग्धता आढळते. तेथे मूळ फाँट, मूळ आज्ञावली व मूळ प्रणाली ही तिन्ही एम्युलेटरमध्ये एकत्र चालविणे आणि पडद्यावर उमटलेला पाठ प्रमाण मानून रूपांतर ताडून पाहणे, हा विश्वसनीय मार्ग होय.

वऱ्हाडास ह्या संकटाचा एक जुना दाखला आहे. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर हे महानुभावांचे मोठे क्षेत्र. त्या पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी आदी सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. पोथ्या शतकानुशतके नीट जतन झाल्या. तथापि किल्ली पंथाबाहेर नव्हती म्हणून इतरांच्या दृष्टीने त्यांतील मराठी नसल्यासारखेच होते. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे ह्यांनी सकळ लिपीची उकल केली आणि मराठी वाङ्मयाच्या इतिहासात एक सबंध दालन उघडले. महानुभावांनी लिपी जाणूनबुजून गुप्त ठेवली होती. गेल्या पिढीतील फाँटांची गुप्तता कोणी योजलेली नव्हती. कंपन्या बंद पडल्याने, तबकड्या फेकल्या गेल्याने आणि तक्ते कोणी न जपल्याने ती आपोआप निर्माण होत आहे.

म्हणून एम्युलेशनचा विचार करताना जपावयाची वस्तू कोणती, हे प्रथम ठरविले पाहिजे. पाच दिवसांत लिनक्स उभी करणारा ४००४ हे सिद्ध करतो की, यंत्राचे वर्णन पूर्ण व उपलब्ध असेल, तर ते यंत्र कोणत्याही दुसऱ्या यंत्रात पुन्हा उभे राहू शकते. यंत्र गंजले तरी चालेल, वर्णन हरवता कामा नये. महाविद्यालयांनी व विद्यापीठांच्या विभागांनी जुने संगणक निकालात काढण्यापूर्वी त्यांतील मराठी धारिका, त्या ज्या फाँटात आहेत तो फाँट, ज्या आज्ञावलीत लिहिल्या ती आज्ञावली आणि प्रणालीच्या आवृत्तीची नोंद, ही चारही एकत्र उतरवून ठेवावीत. त्यास एखादा दिवस पुरतो. ते न केल्यास पुढील अभ्यासकास राजवाडे ह्यांच्याप्रमाणे किल्ली शोधीत बसावे लागेल, आणि त्या वेळी समोर पोथीही असेल याची शाश्वती नाही.